एका कुशीवर जगणारा मासा

पाकट आणि लेपा हे दोन्ही मासे समुद्राच्या तळाशी चपटे पडून असतात, म्हणून लोक त्यांना सर्रास एकाच माळेत ओवतात. पण दोघांचा चपटेपणा पार वेगळा आहे. पाकट पोटावर बसतो. त्याची पाठ वर, पोट खाली, तोंड खालच्या अंगाला आणि दोन डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. लेपा कुशीवर पडतो. वरून आपल्याला दिसते ती त्याची पाठ नव्हे, डावी कूस. खालची पांढुरकी बाजू म्हणजे उजवी कूस. पाठीचा पर एका कडेने आणि गुदपर दुसऱ्या कडेने झालरीसारखा पसरलेला असतो. दोन्ही डोळे मात्र वरच्याच कुशीवर. उजवा डोळा जन्मतः उजवीकडेच होता आणि तो तिथून चालत इकडे आला आहे.

लेपा, भाकस, सोल, फ्लाउंडर, प्लेस, टर्बट, हॅलिबट हे सगळे याच गणातले, प्ल्युरोनेक्टिफॉर्मिस. यात सुमारे 800 प्रजाती येतात. काही बोटभर लांबीच्या, तर अटलांटिक हॅलिबट 300 किलोच्याही पुढे जातो. या गटाची जवळजवळ प्रत्येक खोड, म्हणजे रंग बदलणं, वाळूत पुरून घेणं, श्वास घेण्याची तऱ्हा, पोहण्याची ढब, त्या एका गोष्टीतून निघते: हा शरीराने उभा मासा आहे आणि त्याला आडवं जगायचं आहे. आणि हा बदल अंड्यात होत नाही. मासा पोहतोय, खातोय, वाढतोय, तेव्हाच त्याच्या कवटीची मोडतोड चालू असते.

अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू अगदी साध्या माशाचं असतं. पारदर्शक, सरळ पोहणारं, दोन बाजूंना दोन डोळे. काही आठवडे ते वरच्या पाण्यात प्लवकांवर जगतं. लांबी साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास आली की बदल सुरू होतो. टर्बटसारख्या काही जातींमध्ये पिल्लू याच्या दुप्पट होईपर्यंत थांबतं. जपानी फ्लाउंडर, म्हणजे हिरामे, हा डावखुरा मासा, म्हणजे दोन्ही डोळे शेवटी डाव्या कुशीवर येणारा. त्याच्या पिल्लात आधी उजवा डोळा किंचित वर सरकलेला दिसतो. त्या डोळ्याखालच्या मऊ ऊतींमध्ये पेशी झपाट्याने वाढू लागतात, पण फक्त त्याच बाजूला. ही वाढ डोळ्याला खालून वर रेटते. दोन डोळ्यांमधली कपाळाची हाडं वळतात, डोळा डोक्याच्या माथ्यावर येतो आणि माथा ओलांडून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. तो परत घसरू नये म्हणून त्याच्याखाली हाडाची एक पट्टी तयार होते. अशी पट्टी इतर कुठल्याच माशांमध्ये नसते.

डोळा पलीकडे गेल्यावर पाठीचा पर पुढे सरकतो आणि डोक्यावर पार डोळ्याच्या पुढपर्यंत येतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. पर आधी आला तर डोळ्याची वाट अडते. काही जातींमध्ये पर खरोखरच आधी पुढे आलेला असतो. तिथे पराचा पाया आणि कवटी यांच्यामध्ये फट पडते आणि डोळा त्या फटीतून पलीकडे जातो.

हे सगळं चालवतं ते थायरॉइडचं संप्रेरक. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जिरवणारंही तेच. इनुई आणि मिवा या जपानी संशोधकांनी 1985मध्ये हिरामेच्या पिल्लांना हे संप्रेरक दिलं, तर बदल वेळेआधी झाला. उलट थायोयुरियाने ग्रंथीचं काम बंद पाडलं, की पिल्लं आकाराने वाढत राहतात पण उभीच पोहत राहतात, डोळा जागचा हलत नाही. याच काळात जठरातल्या पाचक ग्रंथी तयार होतात, स्नायूंमधली प्रथिनं बदलतात, रक्तातलं हिमोग्लोबिनही पिल्लाचं जाऊन प्रौढ माशाचं येतं. डोळ्याचं सरकणं डोळ्यांना दिसतं म्हणून त्याचीच चर्चा होते, बाकी घर आतून किती बदललं ते बाहेरून कळत नाही.

मला यात सगळ्यांत थक्क करणारी वाटते ती कानाची गोष्ट. डोळा सरकला, पण आतला कान शरीरासोबत 90 अंशांत कलंडला. साध्या माशात कानातली आडवी अर्धवर्तुळाकार नळी डोकं डावी-उजवीकडे वळल्याचं सांगते आणि तिचा संदेश डोळे आडवे फिरवणाऱ्या स्नायूंकडे जातो, त्यामुळे समोरचं दृश्य स्थिर राहतं. कुशीवर पडल्यावर हीच नळी उभी होते. आता तिला डोकं वर-खाली झाल्याचं कळतं. जुनीच जोडणी राहिली असती तर प्रत्येक हालचालीला डोळे भलतीकडे वळले असते. ग्राफ आणि बेकर यांनी 1983मध्ये दाखवून दिलं की चपट्या माशाच्या मेंदूत या नळीच्या चेतापेशी डोळे वर-खाली करणाऱ्या स्नायूंच्या केंद्रांपर्यंत नवे धागे पोचवतात, तेही दोन्ही बाजूंना. म्हणजे कान तसाच ठेवून फक्त तारा बदलल्या.

इतकं सगळं काही दिवसांत उरकायचं, तर कुठेतरी चुकणारच. समुद्रात चुकलेली पिल्लं सहसा वाचत नाहीत, पण संवर्धनाच्या टाक्यांमध्ये ती वाचतात आणि मोठी होतात, म्हणून दोष नीट ओळखता येतात. मुख्य दोष तीन. वरची बाजू पांढरी किंवा ठिपकेदार पांढरी राहणं, खालची बाजू काळवंडणं आणि डोळा अर्ध्या वाटेत अडकणं.

पहिल्याचं मूळ बहुतेक वेळा खाण्यात असतं. पिल्लांना आधी रोटिफर हे सूक्ष्म जलजीव आणि नंतर आर्टेमिया हे कोळंबीसारखे बारीक जीव खायला देतात. आर्टेमियाच्या नुकत्याच उबलेल्या पिल्लांत डीएचए हे मेदाम्ल जवळपास नसतंच, ते वरून माशाचं तेल घोटलेल्या पाण्यात ठेवून भरावं लागतं. भरल्यावरही आर्टेमिया ते स्वतःच वापरून टाकते. म्हणून आधी भरून ठेवलेली आर्टेमिया उबदार पाण्यात पडून राहिली, तर पिल्लांच्या पोटात जाईपर्यंत तिच्यातलं डीएचए उतरलेलं असतं. तिला थंड पाण्यात ठेवणं आणि थोडी थोडी करून दिवसातून अनेकदा घालणं हा त्यावरचा उपाय. अरॅकिडोनिक आम्ल हे दुसरं मेदाम्ल जास्त झालं तरीही तोच त्रास, वरची बाजू पांढरी पडते. अ जीवनसत्त्व जादा झालं तर कणा आणि जबडे वाकडे होतात. आणि यातली खरी अडचण वेळेची आहे. रंग बिघडणार की नाही हे डोळा हलायच्या आधीच ठरून जातं. पांढरे डाग दिसल्यावर खाणं सुधारणाऱ्याला त्या तुकडीत काहीच हाती लागत नाही.

खालची बाजू काळवंडते ती मुख्यतः उघड्या गुळगुळीत तळाच्या टाकीत. तळाला वाळू अंथरली आणि गर्दी कमी ठेवली की हे प्रमाण घटतं. जपानमध्ये टाकीत वाढवलेली हिरामेची पिल्लं समुद्रात सोडली जातात, आणि पुढे जाळ्यात आलेला मासा सोडलेला की जंगली, हे खालच्या बाजूच्या याच काळ्या डागांवरून ओळखतात. एक दोष असा कामाला येतो. हिरामेची पिल्लं तळाशी बसल्यावर एकमेकांचे पर तोडतात, लहानांना गिळतात, म्हणून आकारानुसार वेगळी करत राहावं लागतं. यात आळस केला तर संख्या भराभर उतरते.

आता तळावरचं जगणं. मासा वाळूत शिरतो तेव्हा तो खणत नाही. तो डोकं आपटतो, शरीराला वरून खाली लाटा देतो, खालचं पाणी जोराने बाहेर पडतं आणि वाळू उडते. मग तो स्थिर होतो आणि उडालेली वाळू त्याच्याच अंगावर येऊन बसते. सगळा खेळ क्षणा-दोन क्षणांचा. त्यामुळे वाळूच्या कणाचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. जितकं पिल्लू लहान, तितकी त्याला बारीक वाळू लागते, कारण जाड कण उडवण्याइतकी ताकद त्याच्यात नसते. टाकीत हे मासे ठेवायचे तर कण एक मिलिमीटरपेक्षा बारीक आणि गोलसर हवेत. पोवळ्यांचा चुरा टाळावा, त्याच्या धारदार कडांनी खालच्या बाजूची कातडी खरवडते आणि तिथे जिवाणूंचे व्रण होतात. हातभर माशाला सोडा, पण तळहाताएवढ्या माशाला तीन ते पाच सेंटिमीटर थर पुरतो. जास्त जाड थर ठेवला की खाली प्राणवायू पोचत नाही, वाळू काळी पडते, हलवली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तो हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, आणि हा मासा नेमका त्याच्यावरच झोपलेला असतो.

पुरलेल्या माशाचे फक्त डोळे बाहेर दिसतात. डोळ्यामागे द्रवाने भरलेली एक पिशवी असते, ती फुगली की डोळा वाळूच्या वर उचलला जातो, धोका दिसला की आत जातो. दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. श्वासाची सोयही तशीच केलेली. खालचा कल्ला वाळूत दाबलेला असतो, म्हणून पुरलेला मासा बहुतेक पाणी वरच्या कल्ल्याच्या तोंडातून सोडतो, खालच्या कल्ल्यांवरून गेलेलं पाणीसुद्धा डोक्यातल्या एका वाटेने वर येतं. पाण्याखाली लेपा किंवा फ्लाउंडर शोधायचा असेल तर आकृती शोधू नका. दोन शेजारशेजारच्या गोळ्या आणि त्यांच्या मागे ठरावीक वेळाने हलणारा वाळूचा एखादा कण शोधा.

अंगावर वाळू नसली तरी चालतं, कारण रंग. 1996मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी बोथस ओसेलाटस या उष्ण कटिबंधातल्या माशाला टाकीच्या तळाशी बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर आणि बारीक-मोठ्या ठिपक्यांवर ठेवून पाहिलं. मासा दोन ते आठ सेकंदांत ठिपक्यांचा खडबडीतपणा अंगावर आणत होता. तो तळाचं छायाचित्र उमटवत नाही. त्याच्याकडे मोजके ठरलेले नमुने असतात आणि त्यांचं प्रमाण तो कमी-जास्त करतो. हे काम डोळ्यांवर चालतं. दृष्टी गेलेला मासा तळाशी जुळत नाही. सेकंदांत होणारा बदल हा रंगपेशींमधले कण पसरण्या-गोळा होण्याचा. गडद तळावर दिवसचे दिवस काढले तर काळ्या रंगपेशींची संख्याच वाढते, आणि तो बदल उतरायलाही दिवस लागतात.

चपटं शरीर लपायला उत्तम, पण प्रवाहात तेच अडचण होतं. वरून वाहणारं पाणी त्याला विमानाच्या पंखासारखं वर उचलू पाहतं. प्रौढ माशात हवेची पिशवी नसते, तो पाण्यापेक्षा जड असतो, तरी नुसतं वजन पुरत नाही. प्लेसवर झालेल्या प्रयोगांत दिसलं की प्रवाह वाढला की मासा परांच्या कडा तळाला दाबतो, आणि आणखी वाढला की मागचे पर हलवून अंगाखालचं पाणी बाहेर काढत राहतो, म्हणजे खालचा दाब उतरतो. याउलट पळायची वेळ आली की तळ सुटत नाही, खाली निर्वात ओढ तयार होते. तेव्हा मासा खालच्या कल्ल्यातून पाण्याचा झोत मारतो आणि त्या झोतावर उडी घेतो. उत्तर समुद्रातले प्लेस तर प्रवाहाशी झगडतच नाहीत. भरती-ओहोटीचा ओघ हव्या त्या दिशेचा असला की वर येऊन त्यावर वाहत जातात, उलटा झाला की तळाशी पडून राहतात. लांबचं स्थलांतर अशा प्रकारे थोडक्या श्रमात होतं.

तोंडावरून त्याचं खाणं सांगता येतं. हॅलिबट आणि भाकस यांचे जबडे मोठे, दात दोन्ही बाजूंना सारखे. हे मासे पकडून खाणारे, नजरेवर शिकार करतात. सोल आणि लेप्याचं तोंड लहान, वाकडं आणि दात मुख्यतः खालच्या बाजूला. ते गाळातले किडे आणि कोळंबीसारखे जीव वासावर, स्पर्शावर, बहुधा रात्री शोधतात. प्लेस या दोहोंच्या मधला. तो शिंपल्यांच्या बाहेर आलेल्या नळ्या कुरतडतो, त्या नळ्या पुन्हा वाढतात.

डावा की उजवा हे ठरवताना बहुतेकांची गफलत होते. डोळ्यांची बाजू तुमच्याकडे करा. मग पोटाची पोकळी आणि पोटाचे पर खाली येतील असा मासा उभा धरा. तोंड तुमच्या डावीकडे असेल तर मासा डावखुरा, उजवीकडे असेल तर उजवा. पोट खाली घेतलं नाही तर उत्तर हमखास उलटं येतं, कारण दोन्ही कडांचे पर सारखेच दिसतात.

त्यानंतर पाहायचं ते गालाच्या हाडाकडे. कल्ल्याच्या झाकणाच्या पुढच्या हाडाची कड मोकळी दिसते का, की कातडीखाली दडलेली आहे? दडलेली असेल तर सोल किंवा लेपा. त्यात डोळे उजवीकडे असतील तर सोल. डोळे डावीकडे, छातीचे पर नाहीत आणि पाठीचा, शेपटीचा, गुदाचा असे तिन्ही पर जोडून टोकदार झालेले असतील तर लेपा. लेप्याच्या सायनोग्लोसस वंशात पुढचा निवाडा वरच्या बाजूच्या पार्श्वरेषा, म्हणजे अंगावरून लांबीने जाणाऱ्या संवेदी रेषा, मोजून होतो. दोन की तीन, त्यांच्यामध्ये खवल्यांच्या किती रांगा, हे भिंगाखाली मोजावं लागतं आणि घासलेल्या माशात ते जमत नाही. ओठांना झालर असेल तर तो पॅराप्लागुसिया. सोलमध्ये छातीचे पर नसतील आणि पाठीच्या व गुदाच्या परांच्या काट्यांच्या मुळाशी छिद्रांची रांग दिसली तर पार्डाकिरस. तांबड्या समुद्रातला पार्डाकिरस मार्मोराटस त्या छिद्रांतून दुधासारखा विषारी स्राव सोडतो. मत्स्यशास्त्रज्ञ युजिनी क्लार्क यांनी 1970च्या दशकात पाहिलं की त्याला तोंडात घ्यायला आलेला शार्क जबडा उघडाच ठेवून मागे फिरतो.

डाव्या-उजव्याचा नियम बहुतेक जातींमध्ये पक्का असतो, पण स्टारी फ्लाउंडरमध्ये तो कोलमडतो. जपानच्या किनाऱ्यावर हे मासे जवळपास सगळे डावे, अलास्कात साधारण 70 टक्के डावे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर निम्मे-निम्मे. त्याचं कूळ मात्र उजव्यांचं. दोन डोळ्यांच्या चेता मेंदूकडे जाताना एकमेकींना छेदतात, आणि या कुळात डाव्या डोळ्याची चेता नेहमी उजवीच्या वरून जाते. त्यामुळे डोळा उजवीकडे जाताना चेतांचा पीळ सुटतो, आणि डाव्या माशात तोच पीळ आणखी वाढतो. प्राणिशास्त्रज्ञ पार्कर यांनी हे 1903मध्येच नोंदवलं होतं. तरी पीळ पडलेले मासे जपानमध्ये सुखाने नांदतात, याचं समाधानकारक कारण मला तरी कुठे वाचायला मिळालेलं नाही.

भाकस या सगळ्यांत वेगळा. त्याच्या पाठीचा पर डोक्यावर येत नाही, मागेच सुरू होतो. सरकणारा डोळा पलीकडे पूर्ण न जाता माथ्याच्या कडेवरच थांबतो. डावे आणि उजवे मासे सारख्याच संख्येने सापडतात, आणि तो कधी कधी उभाही पोहतो. उत्क्रांतीतल्या जुन्या पायऱ्या कशा असतील हे पाहायचं तर भाकसाचं डोकं हातात घ्यावं.

या पायऱ्यांवरूनच एक मोठा वाद झाला होता. जीवशास्त्रज्ञ मायव्हार्ट यांनी 1871मध्ये डार्विनला अडवलं: डोळा थोडासाच सरकला तर त्याचा माशाला फायदा काय? डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या 1872च्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण पिल्लू डोळा वर ताणत राहतं आणि ती सवय वारशाने पुढे जाते, अशा दिशेने त्याचा तर्क गेला. ती यंत्रणा चुकीची निघाली. पायऱ्या मात्र खऱ्या होत्या. 2008मध्ये मॅट फ्रीडमन यांनी इटलीतल्या बोल्का इथल्या सुमारे 5 कोटी वर्षं जुन्या जीवाश्मांमध्ये, अँफिस्टियम आणि हेटेरोनेक्टिस या माशांमध्ये, अर्धवट सरकलेला डोळा दाखवला. ते प्रौढ मासे होते, म्हणजे अर्धवट डोळ्यावर पूर्ण आयुष्य काढलेले.

एक गोष्ट मात्र अजून जिथे तिथे छापली जाते ती सोडून द्यावी. 23 जानेवारी 1960 रोजी ट्रिएस्ट ही पाणबुडी प्रशांत महासागरातल्या चॅलेंजर गर्तेच्या तळाशी उतरली तेव्हा तिथे चपटा मासा दिसल्याचं सांगितलं गेलं. छायाचित्र नाही, नमुना नाही. जवळपास 11 किलोमीटर खोलीवर कुठलाच मासा तग धरत नाही. आतापर्यंत चित्रित झालेला सर्वांत खोलवरचा मासा 8,336 मीटरवरचा, आणि तो गोगलमाशांच्या (स्नेलफिश) कुळातला. चपट्या माशांचा मुख्य वावर भूखंडमंचावरच्या उथळ गाळात आणि वाळूत आहे.

म्हणूनच तळ खरवडणाऱ्या जाळ्यांपुढे त्यांचं काही चालत नाही. बीम ट्रॉलच्या पुढे जड साखळ्या ओढल्या जातात त्या याच माशांसाठी. वाळूत पुरलेला मासा साखळीच्या धक्क्याने वर उडतो आणि मागून येणाऱ्या जाळ्यात पडतो. लपणं हाच त्याचा बचाव, आणि साखळी नेमका तोच काढून घेते. साखळीऐवजी विजेच्या झटक्याने सोल उठवणाऱ्या जाळ्यांवर युरोपीय संघाने 1 जुलै 2021पासून बंदी घातली.

जाळ्यात किंवा किनाऱ्यावर एखादा विचित्र चपटा मासा मिळाला, तर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. वरची बाजू सगळेच टिपतात, आणि दोष ओळखण्यासाठी हवी असते ती खालची. दोन्ही बाजू गडद असतील तर पाठीच्या पराचं पुढचं टोक पाहा. ते आकड्यासारखं डोक्यापासून सुटलेलं आणि त्याच्याखाली एक डोळा माथ्यावरच अडकलेला, अशी जोडी बऱ्याचदा सापडते. डोळा उशिरा निघाला आणि पराला पुढे यायला जागा मिळाली नाही. लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा, डावा-उजवा वर सांगितल्याप्रमाणे ठरवा, आणि सोबत खोली व तळ वाळूचा होता की गाळाचा हे लिहून ठेवा.